दगडखात्याचे तात्या

अर्जुनतात्या भेटले की नमस्काराच्या आधी नळीचं टोक हातात येई.

दोन भिंती एका पातळीत आहेत का हे बघायला गवंडी पारदर्शक प्लास्टिकची नळी वापरतात, ती ही. वीस फूट लांब, आत पाणी, आणि पाण्याची रेघ लांबून दिसावी म्हणून त्यात कपड्यांना घालायची नीळ. दोन्ही टोकांना मोजताना काढायची बुचं. तात्या ती गळ्यात वेटोळी करून वागवत. खिशात घडीची फूटपट्टी असे.

"हे टोक धरा," ते म्हणत. समोर कोण आहे याचा विचार त्यात नसे. हे टोक मी बँकेच्या मॅनेजरच्या हातात पाहिलं आहे, अर्धी दाढी झालेल्या माणसाला तसाच सोडून उभ्या राहिलेल्या न्हाव्याच्या हातात पाहिलं आहे, आणि एकदा बारामतीच्या एका मंगल कार्यालयाच्या दारात नवरदेवाच्या हातात पाहिलं आहे. नवरदेवाने मुंडावळ्या एका हाताने बाजूला केल्या आणि पाण्याची रेघ कुठे आली ते गंभीरपणे सांगितलं. माणसाच्या हातात काही दिलं की तो आधी धरतो आणि मग विचारतो, हा तात्यांचा आयुष्यभराचा अनुभव होता. तो विचारेपर्यंत त्यांचं मोजून झालेलं असे.

"दोन फूट साडेतीन इंच. चार पायऱ्या. कठडा न्हाय. दगडखातं," असं पुटपुटून ते नळी गुंडाळत आणि चालू लागत.

मी तेव्हा, म्हणजे नव्वदच्या दशकात, पुण्याच्या एका दैनिकाचा बारामतीचा वार्ताहर होतो. इंदापूर तालुकाही माझ्याकडेच होता. विशेषण घालायचं नाही आणि मोजल्याशिवाय आकडा लिहायचा नाही, एवढं मला शिकवलेलं होतं. तात्यांनाही ते कुणीतरी शिकवलं असावं. "लई उंच पायरी हाय" असं ते कधी म्हणाले नाहीत. "सव्वाआठ इंच" म्हणाले.

ओळख झाली ती एका समारंभात. अपंगांना हाताने चालवायच्या तीनचाकी सायकली वाटायच्या होत्या. अठरा सायकली व्यासपीठावर झेंडूच्या माळा घालून उभ्या होत्या. व्यासपीठाला पाच पायऱ्या होत्या. त्यामुळे ज्यांना सायकली मिळणार ते अठरा जण खाली, मंडपाच्या खांबाला टेकून बसले होते. नाव पुकारलं की त्यांचा बाप, चुलता, नाहीतर शेजारी वर जाई, किल्ली आणि नारळ घेई, टाळ्या होत. सातव्या नावानंतर एक पांढऱ्या सदऱ्यातला माणूस पायऱ्या चढून गेला आणि त्याने गळ्यातलं वेटोळं सोडवत प्रमुख पाहुण्यांसमोर धरलं. पाहुण्यांनी हार समजून मान खाली घातली.

"गळ्यात न्हाय, हातात धरा," तो म्हणाला. "फळीला टेकवून."

पाहुण्यांनी वाकून टोक फळीला टेकवलं. तो दुसरं टोक घेऊन खाली उतरला, पट्टी लावली आणि मंडपाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "तीन फूट एक इंच. सायकल वर, माणूस खाली. मधी तीन फूट एक इंच. येवढंच बगायचं हुतं."

दोन स्वयंसेवक त्याला बाहेर काढायला धावले, पण पाण्याने भरलेली नळी हातात असलेल्या माणसाला कुठे धरावं हे त्यांना सुचेना. तोवर तो स्वतःच गेला होता.

दुसऱ्या दिवशी छापून आलेला फोटो मी नीट पाहिला. फोटोत नऊ पुढारी होते, सायकल होती, हार होते. अपंग नव्हता. बातमी माझीच होती. त्याच दुपारी मी त्या माणसाच्या शोधात निघालो.

तो सापडला भवानीनगरच्या अलीकडे, कालव्याच्या एका चारीजवळच्या वस्तीत. पाटबंधारे खात्यातून नुकताच निवृत्त झालेला कालवा मोजणीदार. पस्तीस वर्षं एकच काम: धरणातून आवर्तन सुटलं की पाणी टेलला, म्हणजे चारीच्या अगदी शेवटच्या शेतकऱ्याला पोचतं का ते पाहायचं. लग्न केलं नव्हतं. कारण विचारलं तर, "नंबरच लागला न्हाय."

चहा आला. माझी वही उघडी होती. तात्यांनी उलट मलाच विचारायला सुरुवात केली.

"वार्ताहर, टेलला पाणी पोचलं न्हाय तर आपुन काय म्हणतो? पाणी लंगडं हाय म्हणतो का?"

"नाही."

"पाण्याला टक्केवारीचा दाखला देतो?"

"नाही."

"पाण्याच्या मागच्या जन्मीचं काढतो?"

"नाही."

"मग काय करतो?"

"चारी बघतो."

"व्हय. चारी बगतो. उतार बगतो. कुठं गाळ साचलाय, कुणी दगड टाकलाय, त्ये बगतो. पाणी चालायला तयारच असतंय. वाट कुणी केली त्येला इचारायचं."

आणि मग त्यांनी मला खाती सांगितली. तात्यांच्या मते अपंग माणसाकडे पाहणाऱ्या साऱ्या जगाची तीन खात्यांत विभागणी होते. पहिलं देवखातं. 'बिचारी', 'नशीब एकेकाचं', 'हातून पुण्य घडतंय', असं म्हणणारे सगळे या खात्याचे. "लई गर्दी हाय तितं. आमच्या बापानं छप्पन सालीच राजीनामा दिला, पण लोक अजून बदली करून येत्यात." दुसरं डॉक्टरखातं. "त्ये पाय बगतंय. पायाच्या वर माणूस हाय त्ये बगत न्हाय. खातं वाईट न्हाय, पोराला डोस पाजायला त्येच पायजे. पण हद्दीच्या भाईर कारभार करतंय." आणि तिसरं दगडखातं, जे म्हणतं की माणसाला अडवतो तो त्याचा पाय नाही, पायरीचा दगड. "ह्या खात्यात शिपाई बी मीच आन् सायेब बी मीच."

पुढे पुष्कळ वर्षांनी पुण्यात एका चर्चासत्रात एका प्राध्यापकांनी पडद्यावर तीन चौकोन दाखवले आणि बाण काढून हेच समजावलं. त्यांची नावं इंग्रजी होती. बाकी फरक नव्हता.

खाती एकदा ठरल्यावर तात्या समोर येईल त्याला त्यात टाकत. बसमध्ये जागा देऊन "देव बघतोय" म्हणणारा कंडक्टर: देवखातं, वर्ग चार. "ऑपरेशन करून घ्या की" म्हणणारा शेजारी: डॉक्टरखातं, रोजंदारीवर. एकदा माझ्या बातमीत 'दुर्दैवी' हा शब्द छापून आला. तो मी लिहिला नव्हता, पुण्यात कुणीतरी घातला होता. सकाळी आठ वाजता तात्या पेपर घेऊन माझ्या दारात. "तुमच्या पेपरची बदली झाली, वार्ताहर. देवखात्यात." जाता जाता त्यांनी माझ्या कचेरीची पायरी मोजली. आठ इंच. मी तीन वर्षं ती ओलांडत होतो आणि मला ती माहीत नव्हती.

भिगवणला एका मासळीच्या खानावळीच्या मालकाने त्यांना सांगितलं, "तात्या, माझ्याकडं लंगडं गिऱ्हाईक येतच न्हाय. कुणासाठी फोडू पायरी?"

"आमचे सायेब बी म्हणायचे, टेलचा शेतकरी पाण्याला अर्जच करत न्हाय. करील कसा? पाणीच न्हाय तितं."

मालकाला ते पटलं की नळीचा कंटाळा आला, ठाऊक नाही. त्याने पायरी फोडून उतार केला. महिन्याने मी तिथे जेवायला गेलो तर गल्ल्यावर एक म्हातारी बसली होती. मालकाची आई. गुडघ्यांमुळे दोन वर्षं घरात होती. आता ती बिलं बघत होती, आणि मालक घाबरून होता.

हे सगळं चाललेलं असताना एक गोष्ट मला खटकत होती. तात्यांच्या स्वतःच्या घराला तीन पायऱ्या होत्या. चांगल्या दगडी. एकदा विचारलंच.

"हितं कशाला?" तात्या म्हणाले. "हितं मी हाय की."

हे कळायला कमलताईंची ओळख हवी. कमल ही तात्यांची धाकटी बहीण, बारा वर्षांनी लहान. दोन वर्षांची असताना ताप आला आणि दोन्ही पायांतलं बळ गेलं. तेव्हापासून तात्यांनी तिला पाठीवर घेतलं. शाळेला पाठीवर, शिवणाच्या वर्गाला पाठीवर, विहारात पाठीवर, तमाशाचा तंबू आला तर तिथेही पाठीवर. पद्धत ठरलेली होती. तात्या पाठ करून उकिडवे बसत, हात मागे. ती गळ्यात हात टाकून बसे आणि बस्तान नीट झालं की त्यांच्या उजव्या खांद्यावर दोनदा थापटे. तात्या उठत. मी हे कितीदा तरी पाहिलं. दोघं भांडत असले तर भांडण मध्ये तुटतही नसे.

कमलताई हाताच्या मशीनवर ब्लाउज शिवत आणि जीभ कात्रीसारखी चालवत. "कालव्याला पाणी सुटलं की माझं आडायचं," त्यांनी मला एकदा सांगितलं. "दादा पंधरा दिस चारीवर. मी पंधरा दिस घरात. टेलला पाणी पोचायचं, मी न्हाय."

तात्या अंगणात नळीची बुचं पुसत होते. त्यांनी ऐकलं नाही, किंवा त्यांच्या कुठल्याच खात्यात ते बसलं नाही.

त्या वर्षी अपंगांना टेलिफोनचे बूथ मिळणार होते. पिवळ्या पाटीचे, एसटीडीचे. भिगवणला हायवेच्या कडेला एक जागा होती आणि कमलताईंना ती हवी होती. इतकी हवी होती की त्यांनी पंधरा दिवस मशीनला हात लावला नाही. "आजपातुर मी दुसऱ्याच्या दारात गेले, ती बी पाठीवर," त्या म्हणाल्या. "आता लोकांनी माझ्या दारात यावं. रांग लावून." अर्जाला अपंगत्वाचा दाखला लागणार होता. दाखल्याचं शिबिर तालुक्याला होतं, तीन दिवस. अर्जाची मुदत त्याच आठवड्यात संपत होती. पहिले दोन दिवस डॉक्टर आलेच नाहीत. राहिला शेवटचा दिवस.

त्या दिवशी मी बातमीसाठी हजर होतो. कार्यालयाचं नाव लिहीत नाही, कारण तशी इमारत प्रत्येक तालुक्यात होती. शिबिर पहिल्या मजल्यावर होतं. एकोणीस पायऱ्या. खाली लिंबाच्या झाडाखाली चौदा जण बसले होते. जिन्याच्या वरच्या टोकाला एक कारकून उभा राहून नावं पुकारत होता. तीनदा पुकारून माणूस वर आला नाही की वहीत 'गैरहजर' लिहीत होता. चौदाही जण त्याला दिसत होते. एक काठीवाला गृहस्थ मात्र कठड्याला धरून, घामाघूम होऊन वर गेला. थोड्या वेळाने खाली आला आणि म्हणाला, "डॉक्टर म्हणले, जिना चढलास की. टक्के कमी केले."

म्हणजे जो वर पोचला तो पुरेसा अपंग नव्हता, आणि जो पुरेसा अपंग होता तो गैरहजर होता. मी हे वहीत लिहून घेतलं आणि दोनदा वाचलं.

मग कमलताईंचं नाव आलं.

तात्या वळले आणि त्यांच्यासमोर उकिडवे बसले, हात मागे. थाप पडली नाही. त्यांनी मान वळवली.

"बस की."

"न्हाय."

"नाव पुकारलंय, कमे."

"ऐकलं मी."

"आज शेवटचा दिस हाय."

"त्ये बी म्हाईत हाय. दादा, तू सगळ्या तालुक्याला खाती वाटलीस. एक राहिलं."

"कुठलं?"

"भाऊखातं," कमलताई म्हणाल्या. "तू उचलतोस, म्हणून कुणाला पायरी दिसत न्हाय. वरच्या त्या बाबाला बी न्हाय दिसत. आन् तुला तरी कुठं दिसली? घरच्या तीन मोजल्यास का कदी?"

कारकुनाने दुसऱ्यांदा नाव पुकारलं.

तात्या तसेच बसून होते. लिंबाखालचे तेरा जण, काठीवाला आणि मी त्यांच्याकडे पाहत होतो. बूथ एका हाकेवर आला होता. आणखी एकदा पुकारलं की वहीत एक शब्द पडणार आणि भिगवणची जागा दुसऱ्याची होणार. कमलताई समोर बघत होत्या. हात मांडीवर घट्ट धरलेले.

तात्या उठले. गळ्यातली नळी काढली, आणि निवृत्त माणसाला शोभणार नाही अशा वेगाने जिना चढले. मी मागे धावलो.

"सायेब, हे टोक धरा."

डॉक्टर तरुण होते आणि सकाळपासून एकच माणूस तपासून कंटाळले होते. त्यांनी टोक धरलं. "हे काय आहे?"

"इमारतीची लेव्हल काढायची हाय."

"कुणी सांगितलंय?"

"खात्यानं," तात्या म्हणाले. कुठल्या, ते सांगितलं नाही. "जरा दारापातुर या. निळं पाणी दिसतंय?"

"दिसतंय."

तात्या आपलं टोक डोक्यावर धरून जिन्याच्या चार पायऱ्या उतरले. ते खाली गेले तसं पाणी त्यांच्या बाजूला ओढलं गेलं आणि डॉक्टरांच्या टोकात रेघ दिसेना.

"आता दिसतंय?"

"नाही. खाली गेलं."

"मग तुमी बी या खाली. पाणी दिसलं पायजे. दिसलं की थांबा."

डॉक्टर तीन पायऱ्या उतरले. "दिसलं."

तात्या आणखी चार उतरले. पाणी पुन्हा पळालं. डॉक्टर आता नळीत बघून उतरत होते, पायांकडे नाही, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून मला मंगल कार्यालयातल्या नवरदेवाची आठवण झाली. कारकून घाबरला. साहेब निघाले आणि शिक्का वर राहिला, असं त्याच्या नोकरीत कधी झालं नव्हतं. तो शिक्का आणि शाईचा पॅड घेऊन मागे उतरू लागला. शिपायाने कारकुनाची वही घेतली. नळी, डॉक्टर, शिक्का, वही आणि शेवटी मी, अशी आमची मिरवणूक एकोणीस पायऱ्या उतरून लिंबाखाली आली.

"दिसतंय?" तात्यांनी विचारलं.

"दिसतंय," डॉक्टर म्हणाले, आणि त्यांनी वर पाहिलं. समोर चौदा जण बसले होते. डॉक्टरांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग हातातल्या टोकाकडे, मग जिन्याकडे.

"झाली लेव्हल," तात्या म्हणाले.

कारकून म्हणाला, "साहेब, टेबल वर आहे."

"मग खाली आणा," डॉक्टर म्हणाले. "टेबलाला कुणी उचललं तर त्याला वाईट वाटत नाही." आणि टेबल येण्याची वाट न बघता ते शेवटच्या पायरीवर बसले आणि समोर वळले. "तिसऱ्यांदा पुकारायचं कुणाचं नाव राहिलं होतं?"

"माझं," कमलताई म्हणाल्या.

चार वाजेपर्यंत चौदाही दाखले झाले. काठीवाल्यालाही पुन्हा तपासलं. मी त्या संध्याकाळी बातमी फॅक्सने पाठवली. दुसऱ्या दिवशी सात ओळी आल्या. मथळा होता: 'शिबिरास उत्स्फूर्त प्रतिसाद'. नळी काढून टाकलेली होती.

पुढच्या आठवड्यात तात्यांनी घरच्या तीन पायऱ्या मोजल्या. एक फूट दहा इंच. मग पहार घेतली आणि स्वतः फोडल्या. बावीस फूट लांबीचा उतार केला, पाटाच्या कडेला करतात तसा घोटून गुळगुळीत. त्याला पाणी मारायचं काम संपलं त्याच सुमारास बूथ मंजूर झाला. बूथच्या मागे एक खोली होती. कमलताईंनी तिथेच राहायचं ठरवलं. घरच्या उतारावरून त्या बूथसाठी नव्याने घेतलेल्या तीनचाकीत बसून एकदाच गेल्या, खाली, टेम्पोपर्यंत.

बूथ चालला. मासळीचे व्यापारी सकाळी रांग लावत आणि कमलताई त्यांना ओळीने उभं करून दमात घेत. तीनेक महिन्यांनी, एका रविवारी दुपारी, मला पुण्याला फोन करायचा होता म्हणून मी थांबलो. बूथच्या दारात केलेल्या नव्या उतारावर तात्या उकिडवे बसून पट्टी लावत होते. नळीचं दुसरं टोक कमलताईंच्या हातात होतं.

"दर ऐतवारी येतो," कमलताई मला हळू आवाजात म्हणाल्या. "उतार मोजतो. म्हणतो, शिमीट बसतंय हळूहळू, बगावं लागतंय."

"बसतंय का?"

"कुठलं. पयल्या ऐतवारी जेवढा हुता तेवढाच हाय."

"मग तुम्ही सांगत नाही?"

"मी टोक धरते," कमलताई म्हणाल्या.

"एकास बारा," तात्यांनी बाहेरून सांगितलं. "जागेवर हाय."

मग चहा झाला. गल्लीतल्या बातम्या झाल्या, आवर्तन कधी सुटणार ते झालं. तात्यांनी नवी गिऱ्हाइकं खात्यांत वाटून दिली. पाच वाजत आले. पाचची एसटी गाठायची म्हणून तात्या उठले, नळी गळ्यात घातली, दारापर्यंत गेले.

आणि दारात पाठ करून उकिडवे बसले. हात मागे.

काचेच्या खोलीत कुणीतरी मोठ्याने कटला माशाचा भाव सांगत होतं. तात्यांना कळायला दोन क्षण लागले असावेत. ते कळल्यावर उठावं कसं, हे त्यांना कळेना. मी वहीत बघू लागलो.

कमलताईंनी तीनचाकी हातभर पुढे घेतली, वाकल्या, आणि त्यांच्या उजव्या खांद्यावर दोनदा थापटलं.

तात्या उठले आणि उतारावरून खाली चालत गेले.